कोरडे ओठ, ओलं फडकं

गोजाबाई तशी कुणाच्या बापाला भिणारी बाई नव्हे. सूर्यमाळच्या आसपासच्या पाड्यांवर तिच्या हातून दीडशेच्या वर पोरं जन्मली. आडवी आली, पायाळू आली, गळ्यात नाळ गुंडाळून आली. सुईणीचा हात कधी कापला नाही. पण अठ्ठ्याण्णवच्या माघात तुकाच्या बायकोचं, सकूचं, दुसरं बाळंतपण उरकून ती पोराला न्हाऊ घालायला बसली आणि हातातला तांब्या निसटला.

पोर गुटगुटीत होतं, चांगलं ठणाणा करत होतं. अंग उजळ, फक्त मांड्यांमधला भाग काजळ फासल्यासारखा काळा. तुकाची आई बायडी हसून म्हणाली, बापावर गेलाय. गोजाबाईला हसू आलं नाही. दोन वर्षांपूर्वी सकूच्या पहिल्या पोराला तिनंच न्हाऊ घातलं होतं. तेही असंच गुटगुटीत, तेही तिथंच काळं. अकराव्या दिवशी ते सुकून मेलं.

तेव्हा पाड्यावर कुजबुज झाली. हगवण नाही, ताप नाही, मग पोर गेलं कसं? ज्या हातानं काढलं त्याच हातानं खाल्लं, असंही कुणी बोललं. अशा बोलण्यावरून पलीकडच्या पाड्यातल्या एका म्हातारीला भुताळी, पोरं खाणारी चेटकीण, ठरवून घराबाहेर काढलं होतं. म्हणून गोजाबाईनं एक गोष्ट गिळली. ते पोर शेवटपर्यंत मुतत होतं. ओठ कोरडे, टाळू खोल गेलेली, आणि फडकं मात्र ओलं. सुकलेलं पोर मुतत नाही, हे तिला चाळीस वर्षं ठाऊक. पण सांगायचं कुणाला? आणि सांगून आपल्याच गळ्यात धोंडा बांधून घ्यायचा?

आता ती रोज तुकाच्या घरी जाऊ लागली. निमित्त अंग चोळण्याचं, खरं तर फडकं चाचपायला. बायडी मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकायची. आठ दिवस बरे गेले. नवव्या दिवशी पोरानं दूध ओकलं, आधाशासारखं पुन्हा प्यालं, पुन्हा ओकलं. दहाव्या दिवशी सकाळी तिनं टाळूवर बोट ठेवलं तर बोट आत गेलं. फडकं पाहिलं. चिंब! पोराला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्यायचं, ती म्हणाली.

बायडी भगताला बोलवायला निघाली होती. बाराव्या दिवसाच्या आत बाळंतीण घराबाहेर पडत नाही, म्हणाली; आणि वाटेत पोर गेलं तर कुणाच्या माथी? गोजाबाई म्हणाली, "माझ्या." आणि तिनं पोराला फडक्यात गुंडाळून घेतलं.

तुकानं जीप आणली. जव्हारच्या दवाखान्यापर्यंत तिनं पोराच्या नाकाखालचं बोट काढलं नाही. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बाहेर रांग लागलेली. जुलाब किती झाले, त्यांनी विचारलं. सकू म्हणाली, एकही नाही. बाई कागदावर काहीतरी लिहू लागल्या. गोजाबाईनं तुकाकडे पाहिलं. आता तोंड उघडलं तर तेव्हा गप्प का बसलीस, हे तो विचारणारच.

"बाई," ती म्हणाली, "ह्याचे ओठ कोरडे, तरी हा मुततोय. ह्याचा थोरला भाऊपण असाच मुतत मुतत सुकला. दोघं खाली काळे."

बाईंचं पेन थांबलं. त्यांनी फडकं सोडून पाहिलं आणि पोराला उचलून आत धावल्या. सलाइन लागलं, इंजेक्शन दिलं. दुपार टळायच्या आत पोर रडलं.

पुढे नाशिकच्या तपासणीत बाईंना आलेला संशय खरा ठरला. बाईंनी समजावून सांगितलं, की मूत्रपिंडाच्या डोक्यावर बोटाच्या पेराएवढी एक ग्रंथी असते. नाळ तुटल्यावर अंगातलं मीठ-पाणी धरून ठेवायचं काम तिचं. ह्याची ती जन्मापासून अधू. मीठ लघवीतून वाहून जातं आणि मागोमाग पाणी. मेंदू तिला सारखा हाका मारत राहतो, त्यानं कातडी काळी पडते. गोळ्या जन्मभर, आणि सध्या रोज मोजलेल्या मिठाचं पाणी.

घरी आल्यावर बायडीनं कपाळावर हात मारला. तान्ह्याला मीठ? ते तर मारायला पाजतात! तुकाला ते बघवेना, तो अंगणात जाऊन उभा राहिला. सकू मिठाच्या पाण्याचा चमचा उचलेना, म्हणून तो गोजाबाईनं घेतला. आधी स्वतः चाखला, मग पोराच्या ओठांशी नेला.

"आजी," सकू म्हणाली, "पहिल्यालापण हेच होतं?"

"होतं."

"तुला ठाऊक होतं?"

"काय होतं ते नव्हतं ठाऊक. फडकं ओलं होतं, तेवढं दिसलं होतं. भिऊन बोलले नाही गं."

सकूनं चमचा गोजाबाईच्या हातातून काढून घेतला आणि स्वतः पोराला पाजला. गोजाबाईकडे तिनं पाहिलं नाही.