शहादेवमामानं गाळलेला मड

शहादेवमामा नाल्यात गुडघाभर चिखलात उभा राहून घमेली भरत व्हता आन् मी काठावरून वढून घेत व्हतो. चूक माझी व्हती. निस्तरत मामा व्हता.

मी म्हाळू. आठवीतून शाळा सोडली, बाविसाव्या वर्षी आडव्या बोरच्या मशीनवर बसलो. रस्ता न खांदता खालून आरपार भोक पाडायचं आन् त्यातून पाइप वढायचा, हे आमचं काम. भोकात बेंटोनाईटचा मड सोडावा लागतो. ही माती पाण्यात कालवली की ताकासारखी व्हती. ती भोक ढासळू देत न्हाई आन् आतला मुरूम घिऊन बाहेर येती. सगळीकडं आमी आलेला मड नाल्यात सोडायचो, नवा कालवायचो. पाणी मिळत व्हतं, कोन इचारतंय?

पर हे चकलांब्याकडचं काम दोन हजार सोळाच्या दुष्काळातलं. टँकर पिण्यालाच पुरंना. पाइप गावच्या नळाचा, म्हणून बायांच्या दूध संस्थेनं जनावरांच्या हौदातलं पाणी दिलतं. चेअरमन केसरबाईनं आमच्या ठेकेदाराला, अर्जुनरावाला, बजावलतं, "एकदाच देतेय. सांडलं तर मशीन उचला."

म्हणून तर मामाला आणलतं. आलेला मड गाळून परत वापरायचा, हे त्याचं काम. आन् मी सवयीनं टाकीचा व्हॉल्व खोलून जेवाया गेलतो. अर्धी टाकी नाल्यात. मड थांबला असता तर भोक बसलं असतं आन् गावचा नळबी.

केसरबाई आली. "कोनाचा हात लागला ह्याला?"

मी तोंड उघडलं तर मामा वरडला, "तू घमेलं वढ बे! बाई, आधी मड वाचवू, मंग फाशी द्या."

"चिखल वाचवून काय म्हशीला पाजता?"

"म्हशीला न्हाई, बोरला. त्याला कायबी चालतंय, फकस्त खडा नगं."

बाई हसली न्हाई. पदर खोचला आन् चार बाया घिऊन नाल्यात उतरली.

मामानं सगळा मड हलत्या चाळणीवर वतला. मुरूम वर राहिला. खालच्या टाकीत रेती बसू दिली, वरचा मड दुसऱ्या टाकीत घेतला. मंग नरसाळ्यात भरून खालच्या भोकावरचं बोट काढलं आन् खळ्यावर रास मोजल्यावानी मोजाया लागला, "लाभ, दोन, तीन..." तिसालाच नरसाळं रिकामं.

"लई पातळ. अर्धं पोतं टाक."

दुसऱ्या बारीला बेचाळीस.

"बस मशीनवर. आन् आता जेवाया जाऊ नगंस!"

बाया हसल्या. मीबी, रडायच्या बेतात असून. दिवस मावळायच्या आत पाइप रस्त्याच्या पल्याड निघाला. आज मी मड गाळतो, चार पोरांना शिकवतो, ते मामामुळं. त्याला कोन वाकडं बोललं तर मी ऐकून घेत न्हाई.

पुढच्या केजच्या कामाला अर्जुनरावानं मला नेलं, मामाला न्हाई. मामा म्हनला, "गुडघे गेले रं." मी खरं मानलं.

दोन वर्षांनी आष्टीच्या बाजारात वत्सलामामी भेटली. तिनं सांगितलं. त्या संध्याकाळी मामानं अर्जुनरावाला सांगितलतं, "व्हॉल्व म्हाळूनं न्हाई, मीच खोलला." गुडघ्याला कायबी झालं न्हवतं. त्या साली तो कोयता घिऊन ऊसतोडीला गेलता.