सुपारी फुटली तेव्हा आम्ही अंतराळात होतो

आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. हे मी सांगते तेव्हा काहींना फुशारकी वाटते. वाटू दे. पनवेलच्या कॉलेजातून आयटी केलं आणि पुण्यात नोकरी मिळवली, कुणाच्या वशिल्याशिवाय. पुढच्या सोमवारी रुजू व्हायचं होतं.

आणि त्याच्या आदल्या रविवारी मामांनी स्थळ आणलं.

मुलगा ओवे गावचा, आमच्याच जातीतला, शिकलेला, खारघरला ऑफिसात कामाला. मामांचा डाव मला कळत होता. पोरगी पुण्याला पोचायच्या आत सुपारी फोडून टाकायची. आमच्याकडे सुपारी फुटली, साखर वाटली, की लग्न ठरलं. त्यानंतर नाही म्हणणाऱ्याचं दोन गावांत नाक कापलं जातं. ओव्याच्या मंडळींनी आधीच कळवलं होतं की सून घरात पाहिजे, पुण्यात नको. म्हणजे त्या दुपारी सुपारी फुटली की माझी नोकरी गेली. एवढा साधा हिशोब होता.

बाबांनी माझ्यासाठी एकच गोष्ट पदरात पाडून घेतली होती. "पोरगा-पोरगी आदी बोलतील. तिला इचारल्याबिगर सुपारी फुटायची नाय." मामा म्हणाले, "बोलू दे की. कोण नाय म्हनतो?"

पोहे झाले, चहा झाला. मग आम्हाला गच्चीवर पाठवलं.

तो पाण्याच्या टाकीच्या सावलीत उभा राहिला, मी कठड्याला टेकून. कोन गावातल्या आमच्या गच्चीवरून एक्स्प्रेस वे दिसतो. गाड्या पुण्याच्या दिशेने चालल्या होत्या. पुण्याचा विषय कसा काढावा, याच विचारात मी होते.

त्याने विचारलं, "फावल्या वेळात काय करता?"

"गेम खेळते. कॉम्प्युटरवर." मुद्दामच सांगितलं. म्हटलं, नाक मुरडायचं तर आत्ताच मुरडू दे.

"कुठला?"

नाव सांगितलं. तो टाकीपासून सरळ दोन पावलं पुढे आला. "तिन्ही भाग?"

ज्यांनी खेळलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. आपण एका अंतराळयानाचे कप्तान असतो. माणसं भेटतात, बोलतात, आणि काय उत्तर द्यायचं ते आपण निवडायचं. गंमत अशी की पहिल्या भागात कुणाला काय बोललात ते तिसऱ्या भागातही विसरलं जात नाही. कुणाला दुखावलंत तर तो ऐन वेळी पाठ फिरवतो.

"त्या म्हाताऱ्या मेकॅनिकला मी पहिल्याच दिवशी झापलं होतं," तो म्हणाला. "दुसऱ्या भागात त्याने माझ्या केबिनचा हीटर दुरुस्तच केला नाही. सगळे येऊन विचारायचे, कप्तान, इथे एवढं थंड का?"

मला हसू फुटलं. साधं नाही, जोरात. तोही हसला. त्या हसण्याने पुढे काय घोळ घातला ते आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं.

हसू ओसरलं तेव्हा मी विचारलं, "आणि ती दोन दारं?"

पहिल्या भागाच्या शेवटी आपले दोन सोबती यानाच्या दोन टोकांना अडकतात. हवा संपत आलेली. दार एकच उघडता येतं. समोर वेळेची पट्टी कमी कमी होत जाते. मी माझ्या तोफवालीचं दार उघडलं होतं. दुसऱ्या दारामागे मला पहिल्यापासून सांभाळून घेणारा जुना अधिकारी होता. तरी उघडलं.

"तुम्ही कुणाचं उघडलंत?"

"कुणाचंच नाही. ठरवता आलं नाही. पट्टी संपली, दोघंही गेले."

"मग?"

"मग काय, तसाच पुढे खेळलो."

मला त्याचा राग नाही आला. खरं बोलला होता. पण मी गेमचा विषय सोडून सरळ विचारलं, "उद्या मला पुण्याला रुजू व्हायचंय. तुमचं काय म्हणणं?"

"घरचे ठरवतील तसं."

"घरच्यांचं कळलंय मला. तुमचं विचारतेय."

तो टाकीच्या पाइपकडे बघत राहिला. तेवढ्यात खालून मामीचा आवाज आला, "या गो खाली आता! पुरे झाल्या गोष्टी!"

जिना उतरले आणि शेवटच्या पायरीवरच थांबले. पाटावरच्या ताटात सुपारीची खांडं पडली होती. वाटीतली साखर निम्म्यावर आली होती. मामांच्या मिशीला साखर लागली होती.

"वर हसन्याचा आवाज आला," मामा खुशीत म्हणाले. "म्हटलं, झाला काम! शुभ कामाला उशीर कशाला?"

बाबा दारात उभे होते, हातात साखर तशीच. आई माझ्याकडे बघत नव्हती. मुलाच्या आईने चिमूटभर साखर माझ्या तोंडापाशी आणली. "आ कर गो बाय."

मी मागे वळून त्याच्याकडे पाहिलं. तो बोलला असता तर सोपं होतं. मुलाच्या तोंडून आलं असतं की अजून ठरलेलं नाही, तर कुणाचंच नाक कापलं गेलं नसतं. मी थांबले. बांगड्या वाजत होत्या, साखर ओठांपर्यंत आली होती. तो फरशीकडे बघत होता.

मी त्या बाईंचा हात हळूच धरून खाली केला. "काकी, मी अजून हो म्हटलेलं नाही. मी उद्या पुण्याला जातेय."

"साखर तोंडात गेली आता!" मामा ओरडले.

"तुमच्या गेली, मामा. माझ्या नाही."

मग जे झालं ते सगळं लिहीत नाही. "शिकवून डोक्यावर बसवली" हे आळीतल्या शेवटच्या घरापर्यंत ऐकू गेलं असेल. बाबांनी हातातली साखर परत वाटीत टाकली आणि म्हणाले, "पोरीनं सांगितला ना. इषय संपला." मामा चपला घालून निघाले ते आजपर्यंत आमच्या घरी आलेले नाहीत. लहानपणी मला खांद्यावर बसवून जत्रेला नेणारे हेच मामा.

सोमवारी सकाळी बाबा मला पनवेलच्या स्टँडवर सोडायला आले. गाडीची वाट बघताना त्यांनी विचारलं, "वर येवढा कशाला हसत होती?"

मी गेमचं सांगितलं. कप्तान, हीटर, दोन दारं. ते लक्ष देऊन ऐकत होते.

"तू एकीला वाचवला. आनि दुसरा?"

"मेला, बाबा."

"तो मरंल हा तुला ठाव होता?"

"हो."

पुण्याची गाडी लागली. बाबांनी माझी बॅग उचलली, वर चढवली, आणि खिडकीपाशी येऊन म्हणाले, "मामाला दिवाळीला फोन कर. नाय उचलला तरी कर."