महमुदाचाचीची सहावी खिडकी

रावजी मेस्त्री अठरा वर्षं बहरीनमध्ये राहिला, पण त्याला नावानं हाक मारणारी माणसं एका हाताच्या बोटांवर मोजावीत. कंपनीत सगळे त्याला 'लकडीवाला' म्हणायचे. म्हणेनात का! पण त्या म्हणण्यात थोडी कीव असायची, ती त्याला बोचायची. कुवेतची लढाई संपली आणि राजधानी मनामात जो तो जुनी लाकडी खिडकी उपटून तिथं चकचकीत अ‍ॅल्युमिनियमची बसवायला लागला. कंपनीतले बाकीचे सुतार एकतर गावी गेले, नाहीतर ड्रिल मशीन हातात घेऊन नव्या कामाला लागले. रावजी उरला तो जुन्या घरांच्या दुरुस्तीपुरता. वर्कशॉपच्या कोपऱ्यात त्याचं टेबल, टेबलावर रंधा, चार पटाश्या, आणि शेजारी बोलायला कोणी नाही.

त्याची बायको रत्नाबाई लढाईच्या त्या दिवसांतच गेली. ती तिकडं राजापूरच्या दवाखान्यात, हा इकडं, आणि विमानं बंद. तार हातात पडली तोवर तिकडं दहावंसुद्धा उरकलं होतं. मुलगी मृणाली लग्न होऊन कोल्हापूरला आपल्या संसारात. गावच्या घराला कुलूप. मग परत जाऊन करायचं काय, असं रावजी म्हणायचा. त्याच्या खोलीत राहणारा, कंपनीचीच पिकअप चालवणारा हारून रत्नागिरीचा, तोंडाचा फटकळ. तो म्हणायचा, "आणि इथं राहून तरी काय करतोस रे? भिंतीकडं बघत बसतोस." पण हारूनचाही पाय खोलीत ठरत नसे, त्याला शंभर दोस्त. एकटेपणा म्हणजे काय, सांगू? शुक्रवारी सुट्टी असते आणि माणूस शनिवारची वाट बघतो. रावजीचं अगदी तसं झालं होतं.

अशात एक दिवस त्याच्या हातात कामाची चिठ्ठी आली. बाब अल बहरीन या जुन्या वेशीच्या मागं, कापडवाल्यांच्या गल्लीत एक दुमजली घर होतं. मालक हाशिम. त्याच्या आजोबानं इंग्रजांच्या कचेरीतल्या खिडक्या बघितल्या आणि हौसेनं मुंबईहून सागवान मागवून तशाच खिडक्या आपल्या घराला करून घेतल्या. त्या बाहेर उघडत नाहीत, वरखाली सरकतात. एक तावदान वर, एक खाली. चौकट दोन्ही बाजूंनी आतून पोकळ, त्या पोकळीत लोखंडी वजनं टांगलेली, आणि वजनाची दोरी वरच्या कप्पीवरून येऊन तावदानाला बांधलेली. तावदान आणि वजन यांचा तोल बरोबर जमला तर खिडकी जिथं सोडाल तिथं उभी राहते, वर ना खाली. वरच्या मजल्यावर अशा सहा खिडक्या होत्या आणि सहाही रंगाच्या थरांनी चिकटून बसल्या होत्या. हाशिमचं म्हणणं एकच, आजोबाचं लाकूड काढायचं नाही, दुरुस्त करा.

वर भाड्यानं राहत होती महमुदाचाची. साठी ओलांडलेली, नवऱ्यामागं एकटी. नवऱ्याचं कापडाचं दुकान आता पुतण्या फहाद चालवायचा आणि चाचीला सांभाळायचा. सांभाळायचा म्हणजे काय, तर महिन्याचा तांदूळ तेल पोचवायचा आणि दारातूनच पळायचा. पोटचं कोणी नाही.

रावजीनं पहिल्या दिवशी हिंदीतच सुरुवात केली. खिडकीच्या कडेचा रंग पातळ सुरीनं कापता कापता तावदान हिसक्यासरशी सुटलं आणि त्याच्या तोंडून निघालं, "आयशप्पत, सुटली एकदाची!"

मागून चाची म्हणाली, "खयचे तुम्ही, मेस्त्री?"

"राजापूरचा. म्हणजे जैतापूर खाडीचा."

"अगो बाय!" चाचीनं कपाळावर हात मारला. "मी पलीकडच्या काठाची! तरीनं येत होतात काय इकडं?"

झालं. खाडी एक, माणसं पलीकडं नेणारी तर एक, आणि तरवाला रहिमतुल्लाही एकच. तो वल्ह्यापेक्षा तोंड जास्त चालवायचा आणि उतारूंच्या सात पिढ्या उद्धरायचा. रावजीनं त्याची एक शिवी, अर्धी गिळून, म्हणून दाखवली आणि चाची पदर तोंडाला लावून हसली. अठरा वर्षांत रावजीच्या बोलण्यावर कोणी असं हसलं नव्हतं.

आता रिवाज रिवाजाच्या जागी. एकट्या विधवेच्या घरात परका बाप्या येणार म्हणजे चाची दार सताड उघडं ठेवायची आणि खालच्या मजल्यावरच्या अकीलाला वर बोलवायची. अकीला हैदराबादची, तिला मराठीचा गंध नाही. ती उंबऱ्याशी भाजी निवडत बसायची आणि मधेच पेंगायची. काम संपलं की चहा, चहाबरोबर कधी सांदण, कधी तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी. आणि गप्पा सगळ्या खाडीच्या. कुठल्या वळणावर गाळ साचतो, कुठल्या मोरीत कालवं चांगली. तासाभरात रावजी उठायचा. काम असेल तरच यायचं, बिनकामाचं यायचं नाही, हे दोघांपैकी कोणी बोललं नाही, पण दोघांना पक्कं ठाऊक होतं. उगाच चहाला गेलेल्या माणसाची गल्लीत चर्चा व्हायला किती वेळ लागतो!

रावजीनं खिडक्या एकेक करून केल्या, आणि खोटं कशाला बोला, जरा सावकाशच केल्या. जुना रंग खरवडला, कुजलेला तुकडा काढून तिथं नवा सागवानाचा जोडला, काचेभोवतीची लांबी, म्हणजे पुट्टी, नव्यानं भरली. पाच झाल्या. मग सहावीपाशी येऊन त्यानं सुरी खाली ठेवली. ही झाली की संपलं. पुन्हा तो कोपरा, ते टेबल, ती भिंत.

आणि मग त्या भल्या माणसानं काय करावं? सहाव्या खिडकीत त्यानं मुद्दाम हलकी वजनं टांगली. दोरीही जुनीच ठेवली. वर केलेलं तावदान थोडा वेळ थांबे आणि मग हळूहळू खाली यायला लागे. पंधरा दिवसांत चाचीचा कंपनीत फोन, खिडकी उभी राहत नाही. रावजी हजर. थोडं वजन वाढवलं, पुरेसं नाही. पुन्हा फोन, पुन्हा रावजी, पुन्हा चहा. असं तीनदा झालं. हारून गाडीतून सोडताना म्हणायचा, "मेस्त्री, ही खिडकी हाय का सासर?" रावजी हसण्यावारी न्यायचा, पण मनात चोर होता. दसऱ्याला त्यानं खोलीत पाटावर हत्यारं मांडली, फूल वाहिलं, हात जोडले, आणि त्या पटाशीकडं त्याला बघवेना. बापानं हातात दिलेलं हत्यार, आणि आपण त्यानं काम बिघडवून ठेवतो! लाज वाटली त्याला. तरी पुढच्या फोनची वाट बघणं काही सुटलं नाही.

चाचीला जिना उतरून गल्लीत जाणं जड जायचं. ती सहाव्या खिडकीतून दोरीला बांधलेली टोपली खाली सोडायची, खालचा दुकानदार तीत खुबूसच्या रोट्या आणि दूध ठेवायचा, मग ती टोपली वर ओढायची. हे रावजीनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. पण आपल्या तासाभराच्या आनंदापुढं त्याला ते दिसलं नाही, असंच म्हणायचं.

एका गुरुवारी दुपारी चाची वाकून टोपली ओढत असताना जुनी दोरी तुटली आणि अख्खं तावदान तिच्या हातावर आलं. उजव्या हाताची दोन बोटं चेचली. टोपली खाली गेली, दूध गल्लीभर.

रावजीला कामाची चिठ्ठी मिळाली तेव्हा त्यावर नेहमीचंच लिहिलं होतं, खिडकी खराब. तो शीळ घालत जिना चढला. दारात अकीला भाजी घेऊन बसलेली. आत चाची पांढऱ्या पट्टीतला हात मांडीवर घेऊन बसलेली. काय झालं ते तिनं सांगितलं. रावजी भिंतीला टेकून खालीच बसला.

"चाची," तो कसाबसा म्हणाला, "ही खिडकी... ही मी..."

"जुनी हाय रे खिडकी," चाची त्याच्याकडं रोखून बघत म्हणाली. "जुन्या लाकडाचा कोणाला भरवसा? तू चहा घेणार मा?"

"नको चाची. आधी काम."

कबूल करायला जीभ रेटली नाही त्याची. पण हात मात्र चालले. त्या दिवशी त्यानं जे काम केलं ते अठरा वर्षांत केलं नव्हतं. चौकटीच्या बाजूच्या फळ्या काढल्या, आतली वजनं बाहेर काढून तावदानाच्या वजनाशी ताडून घेतली, दोन्ही बाजूंना नवी जाड दोरी ओवली, कप्प्यांना तेल दिलं, खाचांमधून मेणबत्ती घासली. दोनदा खोलून पुन्हा बसवलं. जेवलासुद्धा नाही. अकीलाची भाजी निवडून झाली, झोप काढून झाली, तरी ह्याचं चालूच. संध्याकाळी तो बाजूला झाला आणि म्हणाला, "चाची, बघा. त्याच हातानं बघा."

चाचीनं पट्टीच्या हाताची करंगळी तावदानाखाली घातली. तावदान आवाज न करता वर गेलं. तिनं बोट काढलं. ते तिथंच उभं राहिलं.

"आता बिघडायची नाय काय?" चाचीनं विचारलं.

"नाय चाची. आता तुम्हाला कंदी बघायला नको."

"बरं झालं," चाची म्हणाली आणि त्याच्यासाठी ठेवलेला, थंड झालेला चहा स्वतःच पिऊन टाकला.

आपण काय हातातून सोडलं ते रावजीला जिन्यावरच कळलं. पण त्याला वाटलं, हीच आपली शिक्षा, आणि ती भोगली पाहिजे. ज्या कामानं त्या माउलीचा हात चेचला, ते काम तरी आता धड झालं.

मग फोन आला नाही. महिना गेला, दुसरा गेला. दर शुक्रवारी रावजी उगाच बाब अल बहरीनला जायचा, त्या गल्लीतून एक फेरी मारायचा. वर सहावी खिडकी उघडी दिसायची, जिथं सोडली तिथं, तसूभर हललेली नसायची. एकदा टोपली खाली येताना दिसली. हाक मारावी असं फार वाटलं. पण भर बाजारात खालून एका विधवेला हाक मारायची? छे! तो दुकानासमोर कापडाचे तागे बघत उभा राहिला आणि टोपली वर गेल्यावर परत फिरला. खोलीत येऊन भात टाकला, तो करपला, तसाच खाल्ला. रात्री रत्नाबाईची फार आठवण आली आणि तो उशीत तोंड घालून रडला. हारून नव्हता, म्हणून रडता आलं.

थंडी सरत आली आणि वर्कशॉपमध्ये चिठ्ठी आली. तोच पत्ता. खिडक्या बघून येणे. रावजीनं ती पुन्हा पुन्हा वाचली. दुसऱ्या दिवशी दाढी करून, धुतलेला शर्ट घालून तो गाडीत बसला, तर हारून म्हणाला, "नवरदेव, हत्यारं घेतलीत ना?" रावजी खळखळून हसला. काय बिघडलं असेल याचा तो वाटभर विचार करत होता आणि काही बिघडलंच कसं, याचं त्याला नवल वाटत होतं. बिघडलं म्हणून इतका खूश झालेला कारागीर मी तरी दुसरा ऐकलेला नाही.

दार उघडंच होतं. आत अकीला झाडू मारत होती. खोली रिकामी. पलंग नाही, चुलीवरचं भांडं नाही, खिळ्याला टांगलेली टोपली नाही.

"चाची?"

"चाची तो गईं, मिस्त्री," अकीला म्हणाली. "पिछले हफ्ते. फहाद ने दुकान बेच दी, उनको गाँव भेज दिया बहन के पास. अब नया किरायेदार आएगा, इसलिए हाशिम ने तुमको बुलाया."

रावजीनं पिशवी खाली ठेवली. काम होतं, तेव्हा काम करणं आलं. पहिल्या पाच खिडक्या ठीक होत्या. सहावीपाशी आला. खाचेत कापडाचा बोळा कोंबलेला होता. तो ओढून काढला. मग त्याचं दोरीकडं लक्ष गेलं. त्यानंच ओवलेली ती नवी दोरी एका ठिकाणी सुरीनं कापलेली होती. वाकडीतिकडी, न जमल्यासारखी, डाव्या हातानं कापावी तशी. अर्ध्यावर सोडून दिलेली.

"ये किसने किया?"

अकीला झाडूवर हात ठेवून हसायला लागली. "चाची ने! पता नहीं क्या भूत सवार था. पहले कपड़ा ठूँसा, तो भी खिड़की चलती रही. फिर एक दिन छुरी लेके बैठ गईं. मैंने छीन ली. मैं बोली, पागल हुए क्या, फिर हाथ पे गिरेगी! तो रोने लगीं. बोलीं, पहले अच्छी बिगड़ती थी, अब मिस्त्री ने ऐसी बना दी कि बिगड़ती ही नहीं. अब उसको बुलाऊँ तो किस बहाने से बुलाऊँ?"

अकीला पुन्हा झाडायला लागली. रावजीनं पिशवी उघडली. त्यानं कापलेली दोरी काढली, नवी ओवली. काढलेला तुकडा कुठं टाकावा ते त्याला सुचेना, तो त्यानं खिशात घातला. तावदान करंगळीनं वर केलं आणि बोट काढून घेतलं. ते उभं राहिलं. तो त्याच्याकडं बघत बसला, नेहमीच्या जागी, चहा ठेवायचे त्या भिंतीशी. खालून हारूननं दोनदा हॉर्न वाजवला, तरी त्याला उठवेना.

शेवटी तो खाली आला आणि गाडीत बसला.

"यल्ला, चल," हारूननं गाडी सुरू केली. "काय रे, एवढा वेळ? काय बिघडलं होतं?"

"कायच नाय," रावजी म्हणाला. "कायच बिघडलं नव्हतं."