पुणतांब्याच्या घाटावरची ओटी

माझी मुलगी विषमज्वरानं अंथरुणाला खिळली होती तेव्हा मी नवस बोलले, ही वाचली तर गंगेची ओटी मी माझ्या हातानं भरीन. आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. बोलताना मी विधवा आहे हे मला ठाऊक होतं, आणि गंगेलाही ठाऊक असणार. मुलगी उठली, हिंडूफिरू लागली, दुधावरच्या सायीसाठी भांडू लागली. मग घरात प्रश्न निघाला की ओटी कोणी भरायची.

सासूबाईंच्या मते हा प्रश्नच नव्हता. ओटी सवाष्णीनं भरायची. थोरल्या जाऊबाई भरतील आणि मी मागे उभी राहून त्यांच्या पदराला बोट लावीन, म्हणजे पुण्य माझ्यापर्यंत पोचेल. रात्र रात्र मुलीच्या कपाळावरच्या ओल्या घड्या मी बदलल्या, नवस मी बोलले, आणि पुण्य मात्र पदरातून झिरपत यायचं. राहुरीच्या शाळेत मी मुलींना आपलं गणित आपणच सोडवायला सांगत असे. घरी मी गप्प बसले. गप्प बसले म्हणजे कबूल झाले, असं सासूबाई धरून चालल्या. तो त्यांचा अंदाज होता, मी काही तसा शब्द दिला नव्हता.

कार्तिकात आम्ही चौघी सकाळच्या गाडीनं पुणतांब्याला गेलो. कधीकाळी मोठं शहर असलेलं ते गाव. जुन्या वेशीतून आत शिरलं की बोळ थेट नदीकडे उतरत जातात आणि दोन्ही बाजूंनी देवळंच देवळं. मुलीला प्रत्येक देवळातली घंटा वाजवायची होती, आणि मी तिला उचलून उचलून वाजवू दिली. सासूबाई म्हणाल्या, पोर थकेल. पोर थकली नाही. माझे हात भरून आले, पण महिनाभर निपचित पडलेली मुलगी घंटा बडवताना बघून मला इतका आनंद होत होता की सगळं गाव बहिरं झालं असतं तरी चाललं असतं.

घाटाच्या तोंडाशी एक बाई ओटीचं सामान घेऊन बसली होती. हिरवा खण, नारळ, हळकुंड, सुपारी. लढाईमुळे रेशनवरही तांदूळ मिळत नव्हते, म्हणून गहू आम्ही घरून नेले होते. तिनं परडी भरली. मी हात पुढे केला तशी ती माझ्या कपाळाकडे बघून थांबली.

"सवाशीन कोन हाय तुमच्यात? तिच्या हातात देते."

परडी जाऊबाईंकडे गेली. नारळ मात्र मी निवडला, तेवढं मला चालणार होतं.

घाटाच्या पायऱ्या थेट पाण्यात उतरलेल्या होत्या. सासूबाई वरच्या पायरीवर विधवेच्या तांबड्या आलवणाचा पदर सावरून बसल्या. घाटावरच्या गुरुजींनी मंत्र सुरू केले. जाऊबाई घोटाभर पाण्यात उतरल्या आणि मला खूण केली, पदराला हात लाव. मी पदराला लावला नाही. परडीला लावला. त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि परडी इतकी सहज सोडली की मला वाटलं, त्यांनाही कधीची ती नकोच होती.

गुरुजींचा मंत्र थांबला. सासूबाई वरून माझं नाव घेऊन ओरडल्या. मी आणखी दोन पायऱ्या उतरले. हळदीकुंकू चिमटीत घेतलं, तीन वर्षांत पहिल्यांदा, आणि गंगेला वाहिलं. मग परडी पाण्यावर ठेवून ढकलली.  मला राग आला होता आणि तो मला फार आवडत होता.

परडी थोडी पुढे गेली, भोवऱ्यात सापडली आणि कलंडली. खण वाहत गेला, गहू बुडाले. नारळ मात्र गिरकी घेऊन परत आला आणि माझ्या पायरीला लागला.

 गुरुजींनी मान हलवली. सासूबाई थंडपणे म्हणाल्या, "बघ. गंगेनं घेतली नाही तुझी ओटी."

मुलगी तिथेच उभी होती आणि नवस तिच्या जिवाचा होता. पण ओटी घेतली की मोकळ्या हातानं उठू नये, चार दाणे भरणारीला परत द्यावेत, हे मला लग्नानंतर सासूबाईंनीच शिकवलं होतं.

"आई, घेतली नसती तर खणही परत आला असता," मी म्हणाले. "ओटी घेतली, आणि रीतीप्रमाणे त्यातलं थोडं मला परत दिलं. तुम्हीच शिकवलंय ना?"

नारळ मी तिथेच पायरीवर फोडला आणि पहिला तुकडा मुलीच्या तोंडात घातला.

परतीच्या गाडीत सासूबाई तोंड फिरवून खिडकीशी बसल्या. मुलगी जाऊबाईंच्या मांडीवर झोपली. कुंकवाचा लाल डाग माझ्या बोटांवर तसाच होता, मी तो पुसला नाही. बेलापूर स्टेशन गेल्यावर सासूबाईंनी हात पुढे केला. मी खोबऱ्याचा तुकडा दिला. त्या बराच वेळ चावत राहिल्या.

"माझा मुलगाही लहानपणी असाच तापातून उठला होता," त्या खिडकीकडे बघत म्हणाल्या. तो मुलगा म्हणजे माझा नवरा. "तेव्हा मीही अशीच होते, कपाळ पुसलेली. नवस माझा होता, ओटी जावेनं भरली. माझा हात काही गंगेला लागला नाही."

 त्यांनी खोबऱ्याचा चोथा खिडकीतून बाहेर टाकला.

"पुढल्या कार्तिकात मला माझ्या हातानं गंगेची ओटी भरायची आहे. नारळ मी निवडीन. तुला पारख नाही."