मेकअपची गरज नाही

जानेवारीच्या शेवटच्या रविवारी, आयर्लंडमध्ये डब्लिनजवळच्या ल्यूकनमधल्या एका सभागृहात, मराठी मंडळाच्या प्रजासत्ताक दिनाच्या कार्यक्रमात माझ्या नऊ वर्षांच्या मुलीने चिनी सैनिकाचं काम केलं. शेवटी भारतीय जवानांनी तिला मारलं. ती पडली तेव्हा टाळ्या वाजल्या. शिट्ट्याही. मी दुसऱ्या रांगेत बसले होते. मीही टाळ्या वाजवल्या.

माझ्या शेजारी वेन होती. वेन चिनी आहे. तिथून तासाभरावर, आम्ही राहतो त्या डंडॉकच्या ज्या ऑफिसात मी काम करते, तिथे तिचं टेबल माझ्या समोर आहे. मुलीच्या तोंडी एकच वाक्य होतं आणि ते तिला वेनने शिकवलं होतं. कशासाठी, हे वेनला ठाऊक नव्हतं. मला होतं.

मी अमरावतीची. माझे आजोबा चीनमधून कलकत्त्यामार्गे आले आणि अमरावतीत दातांचे डॉक्टर झाले. गाव त्यांना 'चिनी डॉक्टर' म्हणायचं. पाटीवरचं नाव कुणी वाचत नसे. बासष्टच्या युद्धानंतर त्यांना पोलीस ठाण्यात हजेरी लावावी लागली. हजेरी घेणाऱ्या जमादाराच्या तोंडातली कवळी आजोबांनीच बसवलेली होती. घरात चिनी बोलणं त्यांनी त्याच वर्षी बंद केलं. वडील वऱ्हाडीत वाढले. मी वऱ्हाडीत आणि शाळेच्या पुस्तकी मराठीत. आईचे वडील नागपूरला बुटांचं दुकान चालवायचे, तेही चिनीच. त्यामुळे चिनीतला एक शब्द मला आला नाही, पण चेहरा पुरता आला.

शाळेच्या स्नेहसंमेलनात देशभक्तीचं नाटक असलं की चिनी सैनिक मी. वडिलांच्या शाळेतही चिनी सैनिक तेच. संवाद ठरलेला. हात पुढे करून "हिंदी-चिनी भाई-भाई" म्हणायचं आणि पाठीत सुरी खुपसायची. मग मार खायचा. रंगमंचावर खोटा. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत थोडा खरा. बाई म्हणायच्या, "हिला मेकअपची गरजच नाही." कौतुकाने म्हणायच्या. मी कौतुक म्हणूनच घेतलं.

काही केलेलं नसताना गुन्हेगारासारखं वागायची सवय लागते. माझी सवय अशी: नव्या मराठी लोकांत जायचं असलं की मी फोन कानाला लावून दारातून आत शिरते. पलीकडे कुणी नसतं. "हो गं, पोचले बघ, गाडी लावायला जागाच मिळेना," असं मोठ्याने बोलत जाते. चेहरा दिसण्याआधी मराठी ऐकू जावं म्हणून. लग्नानंतरचं आडनाव अस्सल वऱ्हाडी आहे. पण आडनाव तोंडावर लिहिलेलं नसतं.

डिसेंबरात रेणुकाचा फोन आला. मंडळाचे कार्यक्रम ती बसवते. पुण्याची, सॉफ्टवेअरमधली. माणूस वाईट नाही. आम्ही नवराबायको एकदम आजारी पडलो तेव्हा ल्यूकनहून डंडॉकला डबे घेऊन आली होती.

"अगं, ऐक ना. सीमेवरचं एक छोटंसं स्किट आहे. सगळ्या पोरांना जवानच व्हायचंय, चिनी व्हायला एक जण तयार नाही. तुझी लेक करेल ना? मेकअपची पण गरज नाही. म्हणजे, यू नो, नॅचरल. चिडू नकोस हं!"

"चिडायचं काय त्यात," मी म्हणाले. "ग्रँड. करेल ती." 'ग्रँड' म्हणजे इथल्या इंग्रजीत 'ठीक आहे'.

"तू बेस्ट आहेस! आणि एक डायलॉग खराखुरा चिनीत टाकू या? 'ही जमीन आमची आहे,' एवढाच. तुला येतच असेल की."

"बघते," मी म्हणाले.

मला चिनी येत नाही, असं सांगता आलं असतं. सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, अय्या, खरंच? मग सगळा इतिहास सुरू झाला असता. तो टाळायला मी 'बघते' म्हणाले.

अमरावतीला फोन केला. वडिलांनी ऐकून घेतलं.

"त्यात काय इचारून राह्यली?" ते म्हणाले. "मीनं केलं, तुनं केलं, आता पोरगी करन. नाही म्हटलं का लोक इचारतात, काहून नाही."

नवरा म्हणाला, लहान मुलांचं नाटक आहे, जाऊ दे. त्याला कधी चिनी सैनिक व्हावं लागलेलं नाही.

मग मी वेनकडे गेले.

वेन शांडोंगमधल्या खेड्यातली. आईवडील अजून भुईमूग पिकवतात. आम्ही आपसात इंग्रजीत बोलतो. कोविडच्या पहिल्या वर्षी डंडॉकच्या बाजारात एक माणूस आम्हा दोघींच्या अंगावर धावून आला. चीनला चालत्या व्हा, म्हणून ओरडला. मी ताडकन ओरडले, "आय ॲम इंडियन!" वेन गप्प उभी राहिली. तिच्यासाठी मी एक शब्द काढला नाही. गाडीत बसल्यावर ती म्हणाली, "तुझ्याकडे दुसरं उत्तर आहे. बरं आहे."

मग म्हणाली, "घरी होते तेव्हा राष्ट्रगीताला मी नुसते ओठ हलवायचे. देशभक्त मी इथे येऊन झाले. ह्या असल्या लोकांनीच केलं." आणि हसली. एक ऑक्टोबरला त्यांचा राष्ट्रीय दिन. इथल्या चिनी लोकांच्या ग्रुपवर त्या दिवशी सगळे झेंडे टाकतात. ती एका वर्षी विसरली, तर डब्लिनच्या एका मावशीने सगळ्यांसमोर विचारलं, "बरी आहेस ना पोरी? ताप आहे का?"

"आमच्याकडे पंधरा ऑगस्टला असंच असतं," मी म्हणाले. दोघी हसलो. मी मात्र तो झेंडा कधी विसरलेले नाही. सकाळी सगळ्यांत आधी माझा असतो. मला ताप परवडत नाही.

अशा बाईला मी विचारलं, चिनीत 'ही जमीन आमची आहे' कसं म्हणतात?

"कोण म्हणतं हे?" तिने विचारलं.

"शेतकरी," मी म्हणाले. "लेकीच्या शाळेतलं नाटक आहे."

खोटं बोलायला मला विचार करावा लागला नाही.

वेन शनिवारी आमच्या घरी येऊ लागली. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी माझ्या मुलीला बसवून तिने ते वाक्य घोटून घेतलं. मुलगी आधी ओरडून म्हणायची. वेन म्हणाली, "ओरडू नको. आपल्या शेतात उभं राहून माणूस हे ओरडत नाही. माझे बाबा हे म्हणतात तेव्हा स्वतःच्या पायांकडे बघतात." मुलीला जमलं. वेनने तिच्या गालाला हात लावला.

रेणुकाने हिरवी टोपी पाठवली होती. तिच्यावरचा लाल तारा मी हाताने शिवला. वेन यायच्या आधी टोपी प्रेसमध्ये, म्हणजे कपाटात, ठेवून द्यायचे. मुलीला सांगितलं होतं की टोपीचं वेनला सांगायचं नाही, सरप्राइज आहे. मुलगी शब्दाला जागली. पण तिने वेनला आमंत्रण देऊन टाकलं. "मग तू बघायला ये ना!" मी अडवू शकले असते. अडवण्यासाठी कारण द्यावं लागलं असतं.

वेन चांगला कोट घालून आली. आमच्याच गाडीतून आली. शाळेचं नाटक दुसऱ्या गावातल्या सभागृहात का, हे तिने विचारलं नाही. दारात तिरंगे दिसले, ते बघून ती म्हणाली, "छान सजवलंय."

स्किट सुरू झालं. जवान आले, टाळ्या. मग डाव्या बाजूने माझी मुलगी आली. टोपी, तारा. मागून कुणीतरी ओरडलं, "अरे, ओरिजिनल आणलाय!" हशा पिकला. मी मागे वळून पाहिलं नाही. हसलेही. ओठ आपोआप तसे होतात.

मुलगी मधोमध उभी राहिली. तिने स्वतःच्या पायांकडे पाहिलं. आणि ते वाक्य म्हणाली. हळू. वेनने शिकवलं होतं तसं.

सभागृह क्षणभर गप्प झालं. शत्रू असा बोलत नाही, हे लोकांना कुठेतरी जाणवलं असावं. मग मोठ्या जवानाने "एक इंचही देणार नाही!" म्हणून बंदूक रोखली आणि ती पडली.

वेनने रेकॉर्डिंगसाठी फोन वर धरला होता. वाक्य संपेपर्यंत तिने तो तसाच धरला. मग खाली घेतला. माझ्या टाळ्या तिच्या कानापासून हातभर अंतरावर वाजत होत्या.

बाहेर, चहाच्या टेबलापाशी, ती म्हणाली, "उच्चार चांगले होते तिचे."

"वेन, सॉरी."

"तू शेतकरी म्हणाली होतीस."

ती पुढे म्हणाली, "आमच्याकडे जपानी सैनिक असतो. बुटका, चष्मेवाला मुलगा शोधतात. आमच्या शाळेत माझ्या भावाला केलं होतं. मी पहिल्या रांगेत बसून हसले होते." चहाचा कागदी पेला तिने कचऱ्याच्या डब्यात टाकला. "पण त्याचं वाक्य मी कुणा जपानी माणसाकडून फसवून आणलं नव्हतं."

ती बसने परत गेली.

आम्ही गाडीत बसलो. मुलगी मागच्या सीटवर. तिला मराठी कळतं, पण उत्तर ती इंग्रजीतच देते, इथल्या उच्चारांत. आईला इथल्या मुलांसारखं 'मॅम' म्हणते. तिने विचारलं, "मॅम, त्यात आपण कोण होतो?"

"जवान," मी म्हणाले.

"मग मी का मेले?"

नवऱ्याने रेडिओ लावला. मी बंद केला. अमरावतीच्या शाळेत हा प्रश्न मी कुणाला विचारला नव्हता. वडिलांनी विचारला नव्हता. हा प्रश्न विचारायचा असतो, हेच आमच्या घरात कुणाला माहीत नव्हतं. नऊ वर्षांच्या मुलीने तो विचारला आणि सीटबेल्ट लावून उत्तराची वाट बघत बसली. डंडॉक येईपर्यंत मला आठवत राहिलं ते एवढंच, की तिला त्या जागी उभं करणारी रेणुका नव्हती. रेणुकाने विचारलं होतं. हो मी म्हणाले होते. तारा मी शिवला होता.

दुसऱ्या दिवशी मी वेनला सगळं खरं सांगितलं. आजोबांची हजेरी, स्नेहसंमेलनं, कानाला लावलेला फोन. तिने ऐकून घेतलं. "कळलं," म्हणाली. माफ केलं असं म्हणाली नाही.

गेल्या महिन्यात रेणुकाचा पुन्हा फोन आला. ऑगस्टमध्ये इथल्या सगळ्या भारतीय मंडळांचा एकत्र कार्यक्रम आहे.

"आपलं स्किट सुपरहिट झालं होतं बघ! मोठ्या हॉलमध्ये करायचंय. लेकीला सांग, तोच डायलॉग, फक्त जरा जोरात."

"नाही."

"बाहेर जाताय का तेव्हा?"

"इथेच आहोत. ती करणार नाही."

"अगं, का पण? नाटक आहे ते."

"तुझ्या मुलाला कर चिनी, ओमला."

ती खळखळून हसली. "ओमला कोण चिनी म्हणेल! काहीतरीच तुझं." मग आवाज खाली आणून म्हणाली, "तू इतकं मनाला लावून घेतेस म्हणजे... नाही, मला तसं म्हणायचं नाही. पण शेवटी कुठेतरी तिकडची ओढ असणारच ना."

हे वाक्य ऐकावं लागू नये म्हणून आमच्या तीन पिढ्या गप्प बसल्या. आजोबांनी भाषा टाकली. वडिलांनी मार खाल्ला. मी लेक पुढे केली. इतकं करूनही वाक्य आलंच. आलं, आणि मला काही झालं नाही. मी स्वयंपाकघरात उभी होते, तशीच उभी राहिले.

मी म्हणाले, "ओढ असली तरी तुला सांगणार नाही, रेणुका. नसली तरी सांगणार नाही. देशप्रेमाचा पुरावा मी आजपासून कुणाला देणार नाही. आणि माझी मुलगी तर नाहीच."

"बापरे," ती म्हणाली. "बरं, राहू दे. ल्यूकनमध्ये ती मणिपूरची नर्स आहे ना, तिच्या मुलाला विचारते. तो पण चालेल."

तो पण चालेल.

त्या नर्सशी माझी ओळख नव्हती. नंबर मिळवून मी फोन केला. हिंदीत बोललो. मी कोण, रेणुका काय विचारणार आहे, जानेवारीत काय झालं, सगळं सांगितलं. वेनचंही. माझ्या टाळ्यांचंही.

तिने शांतपणे विचारलं, "आपने हाँ क्यूँ बोला था?"

"डर से," मी म्हणाले.

"किसका डर? आप तो मराठी हो."

मी म्हणाले, "आप भी तो इंडियन हो." पलीकडे ती थोडं हसली, मला वाटतं. मग म्हणाली, मुलाची शाळा सुटायची वेळ झाली, ठेवते.

त्याच दिवशी मी मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं: "चिनी सैनिकाच्या कामासाठी कोणत्याही मुलाची निवड चेहरा पाहून होणार असेल, तर मी त्या मुलाच्या पालकांना आधी फोन करीन. दर वर्षी करीन." खाली एकाने लिहिलं, "वहिनी, राजकारण नको." दुसऱ्याने तिरंगा टाकला. त्याच्याखाली आणखी तिरंगे आले. माझ्या बाजूने कुणी काही लिहिलं नाही. मी ग्रुप सोडलेला नाही.

वेन शनिवारी येत नाही. मुलीने कारण विचारलं. मी खोटं बोलले म्हणून, असं मी तिला सांगितलं.

वडिलांना सगळं कळवलं. ते म्हणाले, "लोकाइनं इचारलं का मंग, काहून नाही?"

"विचारलं," मी म्हणाले. "सांगितलं."

नर्सने मुलाला पाठवणार नसल्याचं रेणुकाला कळवलं आहे. स्किट अजून कार्यक्रमात आहे. तालमी सुरू झाल्या आहेत. हे लिहीपर्यंत चिनी सैनिकाच्या कामाला कुणी मिळालेलं नाही.