थंड खोलीतले जुने अंक

वर्गात उभे राहून तासन्‌तास बोलणे मला जमत असे. पण दुकानात जाऊन नाव ठाऊक नसलेली वस्तू मागणे मला कधीच जमले नाही. त्यामुळे पंचेचाळिशी उलटल्यावर घरच्या घरी दुर्बीण तयार करण्याचा छंद लागला, तेव्हा तो कोणालाही काहीही न विचारता, केवळ छापील मजकुराच्या आधारे पुरा करायचा, असे मी मनाशी ठरवून टाकले. मी जळगावच्या एका महाविद्यालयात इतिहास शिकवीत होतो. जे लिहिलेले आहे ते वाचावे आणि त्यावर विश्वास ठेवावा, ही सवय माझ्या व्यवसायानेच मला लावली होती.

ते नव्वदच्या दशकाच्या अखेरचे दिवस होते. पिंप्राळ्याच्या आमच्या घरामागे मी वाळूने भरलेले एक पिंप उभे केले होते. दुर्बिणीचा आरसा घासायचा म्हणजे जाड काचेच्या दोन तबकड्या एकमेकींवर ठेवून, मध्ये खरखरीत ओली भुकटी घालून, पिंपाभोवती फिरत फिरत वरची तबकडी मागेपुढे सरकवीत राहायचे. महिनोन्‌महिने असे केले की वरच्या काचेला हळूहळू खोलगट आकार येतो. शेजारचे लोक कुंपणावरून पाहत आणि काही न बोलता निघून जात, याबद्दल मी त्यांचा मनापासून आभारी होतो.

एकच व्यक्ती बोलली. हिवाळ्यात अक्का धुळ्याहून आली होती. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आई लवकर गेल्यामुळे मला तिनेच वाढवले. ती देवपूरला राहत असे. मागच्या दारात पाट घेऊन बसून तिने बराच वेळ माझ्या फेऱ्या पाहिल्या आणि म्हणाली, "काय रे भाऊ, इतला फिरी रायना, तेल निंघनं का?"

मी तिला समजावून सांगितले. घाण्याचा बैल आणि मी यांतला फरक तिला फारसा पटला नसावा. पण या काचेतून चंद्र अगदी जवळ दिसेल, हे तिने नीट ऐकून घेतले. संध्याकाळी बस पकडताना तिने माझ्या बायकोला नव्हे, मला सांगितले, "आखाजीले मी येसू. तवय माले चांद दखाडजो. मंग मी सुरतले जासू."

तिचा मुलगा सुरतेला कामाला होता आणि आखाजीनंतर तो तिला कायमची तिकडे नेणार होता. आमच्याकडे अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आखाजीला, सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात. आईवडील गेल्यानंतर अक्काचे माहेर म्हणजे आमचे घर. आखाजीला तिला साडी देऊ केली तर "पेटीमा पडेल शेतस" म्हणून ती परत करी. आवडीचे काही करू का विचारले तर जे असेल ते चालेल म्हणे. माझ्या आठवणीत तिने माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट होती. सुरतेहून ती पुढच्या आखाजीला येईलच, याची खात्री तिलाही नव्हती आणि मलाही नव्हती. मी "दाखवतो" म्हणालो. तो शब्द तोंडातून गेल्यावर छंद हा छंद राहिला नाही.

फाल्गुन संपेपर्यंत घासण्याचे काम नीट पार पडले. पुढची पायरी चकाकी देण्याची. त्यासाठी खालच्या तबकडीवर राळेचा थर ओततात, त्याला चौकोनी चिरा पाडतात आणि लोखंडी गंजासारखी तांबडी भुकटी पाण्यात कालवून त्या थरावर आरसा फिरवतात. मी राळ वितळवून थर ओतला. सकाळी तो सुरेख दिसत होता. दुपारी पाहिले तर चिरा बुजून गेल्या होत्या आणि थर कडेने खाली ओघळला होता. पुन्हा ओतला, पुन्हा तेच. आरशाची कड बिघडू लागली.

याच सुमारास परदेशी स्थायिक झालेल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने मला एक सीडी पाठवली. दुर्बिणी घडवणाऱ्या हौशी लोकांसाठी निघणाऱ्या एका इंग्रजी मासिकाचे कित्येक वर्षांचे अंक, जाहिरातींसकट, त्या एका चकतीवर साठवलेले होते. माझ्याजवळ संगणक नव्हता. मग बायकोने आठवण करून दिली की आमच्या मुलीच्या लग्नाच्या पत्रिका जिथे छापल्या त्या प्रेसमध्ये संगणक आला आहे. तीही सोबत आली, म्हणून मी गेलो. आणि मालकांशी बोललीही तीच.

प्रेसचे मालक माझ्याच वयाचे, वडिलांच्या वेळच्या खिळ्यांच्या छपाईतून संगणकाकडे वळलेले मुसलमान गृहस्थ होते. आखाजी तोंडावर, म्हणजे लग्नांची धामधूम. दिवसभर संगणकावर पत्रिकाच पत्रिका. "सर, एक ते तीन मी जेवतो आणि झोपतो," ते म्हणाले. "तेवढ्या वेळात मशीन तुमचं. फक्त चप्पल बाहेर काढा."

संगणकाची खोली म्हणजे तेव्हा देवघरच असे. दारावर पडदा, खिडकीत एसी, आणि आत शिरताच घामाने भिजलेला सदरा पाठीला गार चिकटे. पहिल्या दिवशी माऊस हातात कसा धरायचा हे मला ठाऊक नव्हते आणि विचारायचा धीर नव्हता. मी तो टेबलावरून उचलून हवेत हलवीत होतो. मालकांनी ते पाहिले. काही न बोलता त्यांनी माझा हात धरून टेबलावर ठेवला आणि जेवायला निघून गेले. या सौजन्याची आठवण मला अजून आहे.

शोधण्याची सोय बेताचीच होती. लेखाच्या मथळ्यातला शब्द टाकला तरच अंक सापडे. मी एका बोटाने राळेसाठीचा इंग्रजी शब्द टाकला, आणि पडद्यावरचे ते वाळूचे घड्याळ बराच वेळ उलटसुलट झाल्यावर लेखांची यादी आली. एकेक पान वरून खाली उलगडत येई: आधी मासिकाचे नाव, मग कोणाच्या तरी तळघराचे छायाचित्र, मग मजकूर. पाने तिरपी धरून टिपलेली असल्यामुळे मीही मान तिरपी करून वाची. अंक कुठलाही असो, त्यातली माणसे माझ्यासारखीच होती. कोणी शिंपी होता, कोणी रेल्वेत होता, कोणी निवृत्त झाल्यावर सुरुवात केलेला. आपल्या चुका ते मोकळेपणाने छापत होते. कोणालाही प्रश्न न विचारता इतक्या माणसांच्या शेजारी बसता येते, हे सुख मला नवे होते. हव्या त्या लेखापर्यंत पोहोचायला मला वेळ लागे, कारण वाटेतल्या जाहिराती आणि वाचकांचा पत्रव्यवहारही मी सोडत नसे.

आणि जवळजवळ प्रत्येक लेखात एकच उपाय होता: राळ नीट वागत नसेल तर तिच्यात थोडे टर्पेंटाइन घालून ती मऊ करावी. मी ते टिपून घेतले, रंगाच्या दुकानातून टर्पेंटाइन आणले आणि घातले. राळ त्याच दुपारी आमटीसारखी पसरली.

बायकोने ते भांडे पाहिले. "आधीच वितळत होती ना? मग आणखी पातळ कशाला केलीत?"

"लेखात दिलं आहे," मी म्हणालो.

"लेख कुठे लिहिलाय?"

दुसऱ्या दिवशी मी तेच लेख पुन्हा उघडले आणि या वेळी इतिहासाच्या अभ्यासकाने मुळातच जे पाहायला हवे होते ते पाहिले: लिहिणारा कुठे बसला आहे. बर्फाने दार अडलेले गॅरेज. शेकोटीजवळ ठेवलेली तबकडी. बोटे बधिर होतात म्हणून हातमोजे. त्यांची राळ थंडीने दगड होत होती, आणि मी चैत्रातल्या जळगावात बसून तिच्यावरचे औषध माझ्या राळेला पाजत होतो.

मग मी शोध सोडून दिला आणि अंक ओळीने वाचायला घेतले, विशेषतः त्यांच्याकडच्या उन्हाळ्यातले. अशाच एका अंकात, राळेशी संबंध नसलेल्या मथळ्याखाली, दोन ओळी सापडल्या. राळ अधिक वेळ उकळून कडक करावी, पण उष्ण हवेत तेवढ्याने भागत नाही. काम करण्याची जागाच थंड हवी, आणि दिवसभर एकसारखी थंड हवी. मी निराश झालो. आमच्या घरातला कूलर पाण्याचा. त्याने हवा ओली होई, थंड फारशी होत नसे. अशी जागा जळगावात भर उन्हाळ्यात कुठून आणायची, असा विचार करीत मी खुर्चीत मागे टेकलो आणि अंगावर शाल असती तर बरे झाले असते असे मला वाटले.

त्या थंड खोलीत बसून मी कितीतरी दिवस थंड खोलीविषयी वाचत होतो.

पण आता कोणाला तरी काहीतरी विचारणे भाग होते. मालक जेवून परत आले, तेव्हा मी नेहमीप्रमाणे उठून निघून जायला हवे होते. मी उठलो, चप्पल घातली, पुन्हा काढली. ते पानाचा डबा उघडीत होते. मी सांगायला सुरुवात केली ती राळेच्या इतिहासापासून. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले.

"म्हणजे सर, तुम्हाला इथं काच घासायची आहे."

"हो."

"कॉम्प्युटरला धूळ चालत नाही, पाणी चालत नाही. तुमच्या कामात काय काय लागतं?"

"भुकटी," मी म्हणालो. "आणि पाणी."

ते हसले. मी म्हणालो की राहू द्या, काही हरकत नाही, आणि खरोखरच निघालो. अंगणात पोहोचल्यावर अक्काचा चेहरा डोळ्यांसमोर आला असे लिहायला मला आवडले असते. प्रत्यक्षात मला केवळ एवढेच आठवले की मी तिला "दाखवतो" म्हटले होते, "बघतो" म्हटले नव्हते. मी परत फिरलो आणि त्यांना अक्काविषयी सांगितले. आखाजी, सुरत, सगळे. इतके खासगी मी त्या गावात कोणाशीही बोललो नव्हतो.

त्यांनी पान तोंडात घातले. "आमचा चांद सर, नुसत्या डोळ्यांनी बघायचा, तरी दर वर्षी वाद. दिसला, नाही दिसला. तुमचं बरं आहे." मग संगणकामागच्या लाकडी फळ्यांच्या आडभिंतीकडे बोट दाखवून म्हणाले, "मागे कागद ठेवतो तिथं याच एसीची हवा जाते. एक कोपरा रिकामा करून देतो. पण आपाचा चांद आहे म्हणून. तुमचा असता तर नाही म्हणालो असतो."

अक्काला त्यांनी न पाहताच आपा, म्हणजे थोरली बहीण, करून टाकले होते.

आखाजीपर्यंतच्या दुपारी मी कागदांच्या गठ्ठ्यांमध्ये, स्टुलावर ठेवलेल्या तबकडीपुढे घालवल्या. टर्पेंटाइनची राळ फेकून मी नवी, जास्त उकळलेली राळ ओतली होती. नखाने दाबल्यावर ती सावकाश खुणेपुरती दबे, आणि दुसऱ्या दिवशीही चिरा तशाच असत. फळ्यांपलीकडे मालक पत्रिका जुळवताना मोठ्याने नावे वाचीत: चिरंजीव, चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी. मधूनच विचारीत, "सर, चमकली का?" एकदा माझ्या तांबड्या बोटांचा ठसा कोऱ्या पत्रिकेवर उमटला. मी घाबरून ती त्यांच्याकडे नेली. त्यांनी ती उजेडात धरून पाहिली आणि गठ्ठ्यात परत ठेवून दिली. "कुंकू लागलंय समजतील. पहिली देवाला जाते तीच ठेवू."

आरसा चमकला. कड पूर्ण सुधारली नाही. पण दिव्यासमोर धरून केलेल्या परीक्षेत मधला भाग स्वच्छ उतरला. आता त्यावर अॅल्युमिनियमचा मुलामा चढवायला तो मुंबईला पाठवायचा, आणि मुंबईहून तो आखाजीपर्यंत परत येणे शक्य नव्हते. मी पुन्हा जुन्या अंकांकडे वळलो. या वेळी प्रश्न नेमका होता आणि उत्तरही लगेच मिळाले. ते बऱ्याच जणांनी, जवळजवळ लाजत, लिहून ठेवलेले होते. धीर न निघून त्यांनी मुलाम्याविनाच आरसा नळीत बसवला होता. कोरी काच फार थोडा उजेड परतवते, ताऱ्यांना तो पुरत नाही. पण चंद्राला पुरतो.

लाकडी चौकोनी नळी मी हिवाळ्यातच करून ठेवली होती. आखाजीच्या दिवशी अक्का सकाळच्या बसने आली. मांडे आणि आमरस झाला, समोरच्या कडुलिंबाला बांधलेल्या झोक्यावर कॉलनीतल्या लेकी दिवसभर होत्या. सूर्य मावळल्यावर मी नळी गच्चीवर नेली. मी अक्काला आधीच सांगून टाकले की हे काम अर्धवट आहे, मुलामा राहिला आहे, कड बिघडलेली आहे, त्यामुळे जे दिसेल त्यावरून दुर्बिणीची परीक्षा करू नये.

"तू आधी बाजूले व्हय," अक्का म्हणाली.

तृतीयेची कोर पश्चिमेला होती. मी ती नळीत आणली. अक्काने एक डोळा तळहाताने झाकला आणि दुसरा लावला. ती तशीच वाकून राहिली. मला वाटले तिला दिसत नसावे, आणि मी नळीतून कसे पाहायचे ते सांगू लागलो. तिने हात मागे करून मला थांबवले.

"बठ्ठा खड्डाच खड्डा शेतस रे," ती शेवटी म्हणाली. "कडवर त्या उजेडमा... दगडं भी दखातस."

दगड नव्हते, डोंगर होते. मी तसे म्हणालो नाही. पाठीमागे बायको, शेजारच्या दोघी आणि झोक्यावरून आलेल्या मुली ओळीने उभ्या होत्या. त्यांतली एक म्हणाली, "अक्का, आम्हालाही बघू द्या की."

"मी सुरतले चालनू," अक्का डोळा न काढता म्हणाली. "तुम्ही अठेच शेतस ना? तुम्ही उद्या दखा."

सगळ्या हसल्या. चंद्र हळूहळू नळीच्या कडेला जात होता. तिला ते माझ्याआधी कळले.

"सरकी गया. लई ये त्याले."

मी वाकून नळी थोडी पश्चिमेकडे सरकवली, आणि तिने पुन्हा डोळा लावला.