काखेतला बिबा

कोपरीत प्लेगने घरं ओस पडायला लागली तशी सासूबाईंनी मला आणि माझ्या पाच वर्षांच्या लेकीला खडवलीला, माझ्या माहेरी, पाठवायचं ठरवलं. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी आम्हा दोघींच्या काखेत बिबा घातला. तापलेली सुई बिब्यात खुपसायची आणि तेल कातडीला टेकवायचं. "गाठ उठते तिथेच आधी बिबा बसला की मेल्या रोगाला जागाच उरत नाही," हे त्यांचं शास्त्र! आळीत घरोघर हेच चाललेलं, मग मी तरी नाही कशाला म्हणू?

सकाळी लेकीचा बिबा उतला. काख लालभडक, टरारून फुगलेली, आणि अंग कढत. रोग परवडला पण इलाज नको, अशी गत. तरी तशाच आगगाडीत बसलो.

कल्याणला गाडी थांबवून सगळ्यांना तपासायला खाली उतरवत. बायकांसाठी फलाटावर कनात लावलेली होती. आत डॉक्टरीणबाई काखा-जांघा चाचपायची. गाठ नसली तर पुढे जायचा पास मिळे. गाठ लागली की स्टेशनामागच्या छपरात रवानगी. तिथून कोणी परत आल्याचं आम्ही ऐकलं नव्हतं. लेकीचा हात मी इतका आवळला की ती रडायलाच लागली.

रांगेतली मागची बाई कानाशी लागली, "हात पुरता वर करू नकोस गं. घाईत सोडतात."

माझा फोड लहान होता, लपला असता. लेकीचा कुठला लपायला!

डॉक्टरीणबाईने तिची काख पाहिली आणि विचारलं, "ताप कधीपासून?"

"ताप नाही हो, बिबा उतलाय. देवाशपथ!"

"बाई, इथे प्रत्येक आई काहीतरी सांगते," ती दमलेल्या आवाजात म्हणाली. "मी सोडलं आणि खरंच गाठ निघाली, तर तुमचं अख्खं गाव जाईल. पोरीला ठेवावं लागेल. तुम्ही हात वर करा. काही नसलं तर तुम्ही जा."

तुम्ही जा म्हणे! कुठे जाऊ, जळ्ळं मेलं ते माहेर! मी चोळीची गाठ सोडली आणि हात पार डोक्यावर नेला.

"हे बघा, मलाही आहे. ठेवायचं तर दोघींना ठेवा."

तिने माझा फोड चाचपला. मग कनातीच्या तोंडाशी उभ्या टोपीवाल्या शिपायाला म्हणाली, "दोघी."

छपरात शेजारच्या चटईवरची बाई रात्रभर पाणी मागत होती आणि सकाळी गप्प झाली. मी लेकीचं तोंड पदराखाली धरून बसले. डॉक्टरीणबाई रोज येऊन म्हणायची, "हात वर." बिबे सुकले, खपल्या पडल्या, तेव्हा कुठे आम्हाला सोडलं.

लेक आता लेकुरवाळी आहे. तिला त्यातलं काही आठवत नाही म्हणते. पण दारात कोणी अनोळखी टोपीवाला उभा राहिला की कडेवरचं पोर आधी खाली ठेवते आणि दोन्ही हात वर करते.